पानातले रंग आणि नळीतले रंग

हिरव्या पानाचा अर्क खडूच्या भुकटीनं भरलेल्या नळीतून सोडला की त्याचे पिवळे-हिरवे पट्टे पडतात, हे आज अकरावीतल्या मुलालाही माहीत असतं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र याच पट्ट्यांवरून युरोपातल्या रसायनशास्त्रज्ञांत चांगलीच जुंपली होती. पट्टे पडतात, याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. वाद होता तो वेगळाच. नळीतून निघालेले रंग पानातलेच कशावरून? भुकटीला चिकटताना आणि पुन्हा सुटताना ते बिघडले नसतील, मोडले नसतील, याची हमी कोण देणार? शंका घेणाऱ्यांत रिचर्ड विलश्टेटर होते, म्हणजे ज्यांना वनस्पतींच्या रंगद्रव्यांवरच्या, विशेषतः हरितद्रव्यावरच्या कामासाठी १९१५चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं ते. नळीचा पुरस्कर्ता होता मिखाईल त्स्वेत. त्याला नोबेल मिळालं नाही.

ही कहाणी सहसा उपेक्षित प्रतिभावंताची म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेही. पण वनस्पतींची रंगद्रव्यं वेगळी करण्याच्या सगळ्या प्रवासाचा आढावा घेताना मला दुसरीच गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. त्स्वेतचं तंत्र जिंकलं, तरी विलश्टेटरची शंका हरलेली नाही. नळी सुधारली, पंप आले, संगणक आले. शंका तेवढी नळीतून निघून नळीच्या अलीकडे जाऊन बसली, म्हणजे पान तोडण्यापासून अर्क काढेपर्यंतच्या अर्ध्या तासात.

पानातला हिरवा रंग हे एकच द्रव्य आहे, असा समज बराच काळ होता. त्याला ‘क्लोरोफिल’ हे नाव पॅरिसच्या पेल्तिए आणि काव्हाँतू या औषधशास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात दिलं. क्विनीन वेगळं करणारी जोडी ती हीच. १८३१ मध्ये वाकेनरोडरनं गाजरातून कॅरोटीन काढलं. १८६४ मध्ये केंब्रिजच्या स्टोक्सनं प्रकाशाच्या शोषणावरून सांगून टाकलं, की हरितद्रव्य हे मिश्रण आहे आणि त्यात हिरवीही एकाहून जास्त आहेत, पिवळीही. पण सांगणं वेगळं आणि बाटलीत वेगळं काढून दाखवणं वेगळं. त्या काळची रीत एकच होती. अल्कोहोलमधला अर्क बेंझीन किंवा पेट्रोलियम ईथरबरोबर हलवायचा, थर बसू द्यायचे आणि कोणता रंग कोणत्या थरात जातो ते पाहायचं. हिरवा एका थरात, पिवळा दुसऱ्यात. दोन सख्खे हिरवे मात्र एकमेकांना सोडत नसत.

त्स्वेतला वाट सापडली ती एका विसंगतीतून. पेट्रोलियम ईथरमध्ये शुद्ध हरितद्रव्य सहज विरघळतं. पण वाटलेल्या पानावर तोच ईथर ओतला, तर त्यात कॅरोटीन तेवढं उतरतं आणि हिरवा रंग पानातच राहतो. त्यात अल्कोहोलचे चार थेंब टाका, की हिरवा रंग लगेच बाहेर. म्हणजे अडचण विरघळण्याची नव्हती, चिकटण्याची होती. पानातल्या पेशींच्या पदार्थानं रंगाला धरून ठेवलं होतं आणि अल्कोहोलनं ती पकड सोडवली. मग पानाबाहेर, मुद्दाम निवडलेल्या भुकटीवर हीच पकड घडवून आणली तर? शंभरावर पदार्थांच्या भुकट्या त्यानं तपासल्या. १९०३च्या मार्चमध्ये वॉर्साच्या निसर्गवैज्ञानिकांच्या सभेत त्यानं या नव्या प्रकारच्या शोषणाबद्दल व्याख्यान दिलं आणि १९०६ मध्ये जर्मन वनस्पतिशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात दोन लेख लिहून पद्धतीचं नावही ठरवून टाकलं: वर्णलेखन.

त्याची कृती आज वाचतानाही हात शिवशिवतात. अरुंद काचेच्या नळीत कॅल्शियम कार्बोनेटची बारीक भुकटी दाबून भरायची. कार्बन डायसल्फाइडमधला अर्क वरून सोडायचा आणि मागून शुद्ध द्रावक ओतत राहायचं. कॅरोटीन न थांबता खाली निघून जातं. मागोमाग झँथोफिलांचे पिवळे पट्टे वेगवेगळे होतात, आणि त्यांच्या आगेमागे एक निळसर हिरवा व एक पिवळसर हिरवा असे दोन हिरवे पट्टे पडतात: आजचे हरितद्रव्य अ आणि ब. मग भुकटीची ती कांडी नळीतून अख्खी बाहेर ढकलायची, सुरीनं पट्ट्यांवर कापायची आणि प्रत्येक तुकडा अल्कोहोलमध्ये टाकायचा. रंग अल्कोहोलमध्ये उतरतो, खडू तळाशी बसतो.

पट्ट्यांचा क्रम यदृच्छेनं ठरत नाही. कॅरोटीन म्हणजे नुसता कार्बन आणि हायड्रोजन. ध्रुवीय खडूला धरायला त्याच्यात काहीच नाही. झँथोफिलांत ऑक्सिजन असतो, म्हणून ती अडखळत जातात. हरितद्रव्य अ आणि ब यांच्यात फरक आहे तो एका कोपऱ्याचा: अ मध्ये जिथे मिथिल गट आहे, तिथे ब मध्ये ऑक्सिजन असलेला आल्डिहाइड गट आहे. साधारण नऊशे वजनाच्या रेणूत एवढाच बदल, पण तेवढ्यानं ब जास्त घट्ट धरला जातो. दोन द्रावकांच्या थरांना जो फरक नीट पकडता येत नव्हता, तो खडूला कळला.

विलश्टेटरचा रस्ता घाऊक होता. किलोकिलोंनी वाळवलेली पानं, पिंपांनी द्रावक, पुनःपुन्हा थर वेगळे करणं. त्यानं हरितद्रव्यात मॅग्नेशियम आहे हे पक्कं केलं, निरनिराळ्या कुळांतल्या वनस्पतींत हरितद्रव्यं तीच आहेत हे दाखवलं आणि अ व ब साधारण तीनास एक या प्रमाणात असतात हे मांडलं. असं काम करणाऱ्याला चिमूटभर रंग देणारी नळी खेळणं वाटली, तर नवल नाही. पण त्याच्या संशयामागे अनुभवही होता. हरितद्रव्याचे ‘स्फटिक’ म्हणून जे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून गाजत होते, ते हरितद्रव्याचे नव्हतेच. पान अल्कोहोलमध्ये ठेवलं की पानातलंच एक विकर, क्लोरोफिलेज, हरितद्रव्याची फायटॉल नावाची लांब शेपटी काढून तिथे अल्कोहोल जोडतं, आणि स्फटिक तयार होतात ते या नव्या पदार्थाचे. हे विलश्टेटर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी उलगडलं. त्स्वेतही आधीपासून तेच म्हणत होता, की हे स्फटिक कृत्रिम आहेत. गंमत अशी, की रंगद्रव्य हाताळताना बिघडतं यावर दोघांचं एकमत होतं. बिघडवतो कोण, एवढ्यावरच भांडण होतं.

पहिल्या महायुद्धानं त्स्वेतची फरफट केली. जर्मन सैन्य वॉर्सात शिरलं तशी त्याची तंत्रसंस्था हलली. पुढे तार्तूत प्राध्यापकी मिळाली, पण तिथेही जर्मन पोचले. १९१९च्या जूनमध्ये व्होरोनेझला तो वारला, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी. त्याचं १९१०चं मोठं पुस्तक रशियनमध्ये होतं, आणि रसायनशास्त्र तेव्हा जर्मनमध्ये चालायचं. मधल्या काळात नळी चालू ठेवणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यांतला अमेरिकेतला लिरॉय पामर दुधा-लोण्याच्या पिवळ्या रंगाचा माग गाईच्या चाऱ्यापर्यंत काढत होता.

नळीचं पुनरुज्जीवन झालं १९३१ मध्ये, हायडेलबर्गला. रिचर्ड कून, विंटरस्टाइन आणि तरुण एडगर लेडरर यांनी गाजराच्या कॅरोटीनचे अल्फा आणि बीटा असे दोन प्रकार वेगळे केले आणि अंड्याच्या बलकातल्या पिवळ्या रंगात ल्यूटिन व झीॲझँथिन अशी दोन द्रव्यं असल्याचं दाखवलं. शंभर वर्षं एकच समजलेलं कॅरोटीन दोन निघालं. हा नुसता वर्गीकरणाचा सोस नव्हता. बीटा कॅरोटीनच्या एका रेणूतून अ जीवनसत्त्वाचे दोन रेणू मिळू शकतात, अल्फाच्या एकातून एकच. पोषणशास्त्राला हा फरक नळीनं दिला आणि त्यानंतर तिच्याकडे कुणी पाठ फिरवली नाही.

तरीही विलश्टेटरचं भूत मधूनमधून डोकं वर काढत राहिलं. त्याचं सगळ्यांत बोलकं उदाहरण म्हणजे हरितद्रव्य ड. १९४३ मध्ये मॅनिंग आणि हॅरल्ड स्ट्रेन या अमेरिकी संशोधकांनी लाल समुद्री शेवाळांच्या अर्कातून एक नवं हरितद्रव्य वेगळं केल्याचं जाहीर केलं. स्ट्रेन म्हणजे या कामातला वाकबगार माणूस; दळलेल्या साखरेच्या नळीवर हरितद्रव्यं न मोडता वेगळी होतात, हे त्यानंच रूढ केलं. पण इतरांना तो पट्टा कधी दिसे, कधी दिसत नसे. तेच शेवाळ, तीच नळी, आणि ड गायब. मग ते अर्क काढताना झालेलं बिघाडाचं उत्पादन असावं, असं बहुतेकांनी धरलं आणि विषय पन्नासेक वर्षं पडून राहिला. १९९६ मध्ये जपानी संशोधकांनी पालाऊच्या समुद्रातल्या एका जिवातून असा सूक्ष्मजीव वेगळा केल्याचं प्रसिद्ध केलं, ज्यात मुख्य हरितद्रव्य ड च होतं: अकॅरिओक्लोरिस मरीना. आणि २००४ मध्ये उलगडा झाला, की लाल शेवाळांच्या अंगावर हाच सूक्ष्मजीव वस्ती करून असतो. म्हणजे स्ट्रेनचा पट्टा खरा होता आणि ड हे नैसर्गिक द्रव्यच होतं. चूक एवढीच, की ते लाल शेवाळाचं नव्हतं, त्याच्यावर बसलेल्या पाहुण्याचं होतं. ज्या शेवाळावर पाहुणा नाही, त्यात ड कुठून येणार?

मला ही घटना सगळ्या विषयाचा कस वाटते. नळी सांगते, ‘अर्कात हे होतं.’ अर्क कुणाचा होता, हे ती सांगत नाही.

तंत्राचा पुढचा टप्पा वेगानं सांगतो, कारण तो सगळ्या रसायनशास्त्राचा सामाईक आहे. १९४१ मध्ये मार्टिन आणि सिंज यांनी दाखवलं, की घन भुकटीला चिकटण्याऐवजी दोन द्रवांत वाटणी करूनही पदार्थ वेगळे करता येतात, आणि त्याच निबंधात लिहून ठेवलं, की कण फार बारीक घेतले आणि दाब वाढवला तर विलगीकरण कितीतरी सुधारेल. १९५२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं, पण त्या वाक्याची अंमलबजावणी व्हायला साठचं दशक उजाडावं लागलं. चाबा होर्व्हाथ आणि इतरांनी पोलादी नळी, पंप आणि बारीक कण एकत्र आणले आणि उच्च दाबाचं द्रव वर्णलेखन, सगळ्यांच्या तोंडी बसलेलं एचपीएलसी, उभं राहिलं. आजचा नेहमीचा कॉलम पंचवीस सेंटिमीटर लांब, आतून साडेचार मिलिमीटरच्या आसपास रुंद, कण पाच मायक्रॉनचे. शंभर-दोनशे बार दाबानं मिनिटाला एक मिलिलिटर द्रावक त्यातून जातो.

रंगद्रव्यांच्या दृष्टीनं खरा पालट मात्र दाबानं झाला नाही, तो भुकटीच्या स्वभावानं झाला. सत्तरच्या दशकात सिलिकाच्या कणांवर अठरा कार्बनांच्या साखळ्या पक्क्या बसवलेले कॉलम आले. आता स्थिर बाजू तेलकट आणि वाहती बाजू पाण्या-मिथेनॉलची. त्स्वेतचा क्रम पुरता उलटा झाला. त्याच्या नळीत कॅरोटीन पहिलं बाहेर पडायचं. इथे ते शेवटचं. पालकाचा अर्क घातला की आधी निओझँथिन, मग व्हायोलाझँथिन, मग ल्यूटिन, त्यामागे हरितद्रव्य ब, मग अ आणि अगदी शेवटी बीटा कॅरोटीन. शिवाय ही तेलकट बाजू खडू किंवा सिलिकाइतकी आक्रमक नाही. ज्या पृष्ठभागावर हरितद्रव्य मोडतं अशी धास्ती होती, तो पृष्ठभागच झाकला गेला. विलश्टेटरच्या शंकेचा नळीपुरता निकाल लागला तो खरं म्हणजे इथे.

डायोड ॲरे शोधकानं दुसरी सोय केली. बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पीकचा, म्हणजे आलेखावरच्या उंचवट्याचा, पूर्ण वर्णपट त्या क्षणी नोंदवला जातो. हरितद्रव्य अ निळ्या भागात ४३० नॅनोमीटरच्या जवळ आणि तांबड्यात ६६०च्या पुढे शोषतं; ब चं निळं शिखर ४५०च्या पलीकडे सरकलेलं. कॅरोटिनॉइडांची तीन बोटांची ओळखीची आकृती ४५०च्या आसपास. पीक ठरलेल्या मिनिटाला आलं आणि वर्णपटही जुळला, तर ओळख बरीच पक्की. बरीच, पूर्ण नाही. ल्यूटिन आणि झीॲझँथिन या जोडीत फरक आहे तो एका दुहेरी बंधाच्या जागेचा; अठरा कार्बनांच्या साखळीला तो धड कळत नाही. त्यासाठी १९९४ मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेतल्या संशोधकांनी तीस कार्बनांच्या साखळीचा कॉलम मुद्दाम घडवला. कॅरोटिनॉइडांचं बारीक काम करणाऱ्यानं तोच वापरावा, असं माझं मत आहे. जुन्या कॉलमवर मोजलेला ‘ल्यूटिनचा’ आकडा अनेकदा ल्यूटिन अधिक झीॲझँथिन असा वाचायला हवा.

आता त्या अर्ध्या तासाकडे येऊ.

हरितद्रव्याचा मॅग्नेशियम आम्लात टिकत नाही. तो निघून गेला की उरतं फिओफायटिन, राखाडी-तपकिरी रंगाचं. भाजीत चिंच किंवा आमसूल लवकर घातलं तर हिरवेपणा जाऊन ती शेवाळी दिसते, ती याचमुळे. पेशीच्या रिक्तिकेत आम्ल असतंच. पान अखंड आहे तोवर ते हरितद्रव्यापासून दूर असतं. खलबत्त्यात पान चिरडलं की दोघांची गाठ पडते. पालकाचं ठीक आहे, पण अंबाडीसारख्या आंबट पानाचा अर्क आम्ल मारणारं काही न घालता काढला, तर कॉलमवर फिओफायटिनचं पीक येणारच, आणि एखादा ते पानाचं वैशिष्ट्य म्हणून लिहूनही टाकेल. म्हणून वाटताना चिमूटभर मॅग्नेशियम कार्बोनेट किंवा कॅल्शियम कार्बोनेट घालतात. ज्या खडूवर त्स्वेतचा भरवसा होता, तोच इथे राखणदार म्हणून येतो.

कॉलेजातल्या कागदी वर्णलेखनातही हे दिसतं. प्रयोगवहीत चार पट्टे काढायचे असतात. कागदावर पुष्कळदा कॅरोटीनच्या खाली एक पाचवा, करडा पट्टा उमटतो. तो फिओफायटिनचा असतो. मुलं विचारतात, तेव्हा ‘ते सोडून द्या’ असं सांगितलं जातं. खरं तर त्या प्रयोगात शिकण्यासारखी सगळ्यांत चांगली गोष्ट तीच आहे.

अल्कोहोलमध्ये पान रेंगाळलं तर क्लोरोफिलेज आपलं जुनं काम करतं. मिथेनॉलमध्ये अर्क तसाच ठेवला तर हवेतल्या ऑक्सिजननं हरितद्रव्याची जुळी भावंडं तयार होतात आणि मुख्य पीकच्या खांद्याला खांदा लावून दिसू लागतात. उजेडात रंग उडतो, उष्णतेनं कॅरोटिनॉइडांच्या सरळ साखळ्यांना बाक येतो. म्हणून नियम सगळीकडे सारखेच: पान तोडताच द्रव नायट्रोजनमध्ये, वाटण थंडीत, काम मंद उजेडात, अर्क ताजा. आणखी एक खोड अशी, की शुद्ध ॲसिटोनमधला अर्क सरळ कॉलमवर सोडला तर सुरुवातीची पीक पसरट आणि दुभंगलेली येतात, कारण ॲसिटोन वाहत्या बाजूपेक्षा जोरकस असतो. आधी थोडं पाणी किंवा बफर मिसळावं लागतं. ‘पीक डबल का येतंय?’ या प्रश्नावर कित्येक प्रयोगशाळांत नवा कॉलम मागवला जातो, तेव्हा खरं तर थोडं पाणी पुरलं असतं.

आणि पान तोडलं कधी? हा प्रश्न अनेक प्रबंधांत विचारलेलाच नसतो. कडक ऊन वाढलं की पानातलं व्हायोलाझँथिन अँथेराझँथिनमार्गे झीॲझँथिन होतं आणि सावली आली की उलट प्रवास होतो. हे चक्र यामामोतो आणि सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये मांडलं. ऐंशीच्या दशकात बार्बरा डेमिग-ॲडम्स यांच्यासारख्यांच्या कामातून कळलं, की जास्तीची ऊर्जा उष्णतेत उधळून टाकण्याच्या पानाच्या सोयीशी त्याचा संबंध आहे. हा बदल काही मिनिटांत होतो. त्यामुळे पहाटे तोडलेलं पान आणि भर दुपारी तोडलेलं त्याच झाडाचं पान यांची यादी सारखी नसते. दोन वाणांची तुलना करताना एक सकाळी आणि एक जेवणानंतर गोळा केला असेल, तर निकालात वाण किती आणि घड्याळ किती, हे कुणालाही सांगता येणार नाही.

या तंत्राचा सर्वांत मोठा उपयोग मात्र जमिनीवरच्या पानांवर झाला नाही, तो समुद्रात झाला. समुद्रातल्या तरंगत्या सूक्ष्म वनस्पती एकेक करून मोजणं जिकिरीचं असतं. अगदी बारीक पेशींची ओळख सूक्ष्मदर्शकालाही पटत नाही. पण त्यांच्या कुळांची रंगद्रव्यं वेगवेगळी असतात. फ्युकोझँथिन दिसलं की डायाटम, पेरिडिनिन म्हणजे डायनोफ्लॅजेलेट, अलोझँथिन म्हणजे क्रिप्टोफाइट, झीॲझँथिन बहुधा निळे-हिरवे जीवाणू. काही लिटर पाणी काचतंतूंच्या गाळणीतून गाळा, गाळणी द्रव नायट्रोजनमध्ये ठेवा, किनाऱ्यावर आल्यावर अर्क काढून कॉलमवर सोडा. १९८३ मध्ये इंग्लंडच्या मंटूरा आणि लेवेलिन यांनी याची पद्धत बसवली, पुढे १९९७ मध्ये युनेस्कोनं यावरचा जाडजूड ग्रंथ काढला, आणि २०००च्या सुमारास आठ कार्बनांच्या कॉलमवर झापाटा, व्हॅन ह्यूकेलेम यांच्या पद्धती आल्या.

आठ कार्बनांची गरज का पडली, ही कथाही ऐकण्याजोगी आहे. १९८३ मध्येच गीस्केस आणि क्राय या डच जोडीला अटलांटिकच्या नमुन्यांत हरितद्रव्य अ चा एक अनोळखी भाऊबंद दिसला होता. कुणाचा, ते कळेना. १९८८ मध्ये सॅली चिझम आणि सहकाऱ्यांनी प्रोक्लोरोकॉकस हा अतिसूक्ष्म जीव शोधला, जो आज पृथ्वीवरचा सर्वाधिक संख्येनं असलेला प्रकाशसंश्लेषी जीव मानला जातो, आणि तो अनोळखी रंग त्याचा निघाला: डायव्हिनाइल हरितद्रव्य. जुन्या अठरा कार्बनांच्या कॉलमवर तो साध्या अ च्या पीकमध्ये मिसळून जायचा. पीक आधी आलं, मालक पाच वर्षांनी सापडला. हरितद्रव्य ड च्या उलट, इथे कुणी ते बिघाड म्हणून फेकून दिलं नाही, हे बरं झालं.

आपल्या किनाऱ्यावर या कामाचं केंद्र म्हणजे गोव्यात दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था. अरबी समुद्र हा या पद्धतीचा खरा परीक्षक आहे. हिवाळ्यात उत्तर अरबी समुद्रावर नॉक्टिल्यूका या सागरी जिवाचे हिरवे तवंग पसरतात. नॉक्टिल्यूका स्वतः रंगहीन. हिरवा रंग तिच्या पोटात राहणाऱ्या सूक्ष्म शेवाळाचा, आणि त्यात हरितद्रव्य ब भरपूर. आता आम्ल टाकून प्रतिदीप्ती मोजण्याची जुनी, स्वस्त पद्धत ब असलं की फसते: अ कमी दाखवते, बिघडलेलं हरितद्रव्य जास्त दाखवते. अशा पाण्यात कॉलमला पर्याय नाही. आणि या आकड्यांचं काम समुद्रापुरतं नाही. १९९९ मध्ये सोडलेल्या ओशनसॅटपासून आपले उपग्रह समुद्राच्या रंगावरून हरितद्रव्य मोजतात, त्यांची पारख शेवटी बोटीवर गाळलेल्या पाण्यावरच होते. वेगवेगळ्या प्रयोगशाळा एकच नमुना मोजून काय उत्तर देतात, हे पाहण्यासाठी नासानं फेऱ्यांमागून फेऱ्या घेतल्या. मोठमोठ्या प्रयोगशाळांची उत्तरंही जुळत नव्हती, विशेषतः कमी प्रमाणातल्या रंगांची. यंत्रं सगळ्यांची चांगलीच होती. फरक अर्क काढण्यात आणि प्रमाणित द्रव्यांच्या मापनात पडत होता.

बाजारातला अनुभवही हेच सांगतो. २००३ मध्ये भारतातून गेलेल्या मिरचीत फ्रान्सला सुदान-१ हा कापडा-मेणाला लावायचा तांबडा रंग सापडला आणि युरोपीय संघानं मिरचीवर तातडीचे निर्बंध आणले. २००५ मध्ये ब्रिटनमध्ये तशाच मिरचीपायी शेकडो तयार खाद्यपदार्थ दुकानांतून मागे घ्यावे लागले. आपल्या मसाला मंडळानं निर्यातीच्या मिरचीसाठी सुदानची तपासणी सक्तीची केली. पण मिरचीत स्वतःचे कॅप्सँथिन आणि त्याचे नातलग ढिगानं असतात, सुदानच्या जवळपासच शोषणारे. नुसत्या ठरलेल्या मिनिटाला पीक आलं म्हणून माल नाकारला, तर निरपराध व्यापारी भरडला जातो. वस्तुमान वर्णपटानं खात्री केल्याशिवाय सुदानचा शिक्का मारू नये, हे तेव्हापासून सर्वमान्य झालं आहे.

हळदीचं प्रकरण कमी नाट्यमय, पण आपल्या जास्त जवळचं. सांगली आणि वर्ध्याच्या वायगावची हळद भौगोलिक मानांकनाची. हळदीचा पिवळा रंग एक नाही. कर्क्युमिन आणि त्याची दोन भावंडं, एकात एक मिथॉक्सी गट कमी, दुसऱ्यात दोन्ही कमी. ४२५ नॅनोमीटरला नुसतं शोषण मोजलं की तिघांची बेरीज ‘कर्क्युमिन’ म्हणून छापली जाते. कॉलमवर ती तीन स्वतंत्र पीक येतात. दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे, पण एकमेकांशी तोलायचे नाहीत. झेंडूतही असाच घोळ: पाकळीतलं ल्यूटिन स्निग्धाम्लांना जोडलेलं असतं, त्यामुळे अल्कली देऊन ते सुटं करेपर्यंत कॉलमवर पीकांची नुसती रांग लागते. कोकमाचा लाल रंग तर वेगळ्याच जातकुळीचा, अँथोसायनिन, पाण्यात विरघळणारा आणि आम्लातच टिकणारा. हरितद्रव्याला जे आम्ल मारतं, ते इथे मुद्दाम वाहत्या बाजूत घालावं लागतं. एकाच रनमध्ये दोन्ही मोजण्याचा हट्ट करू नये.

खर्चाचं काय? कॉलम महाग, शुद्ध ॲसिटोनायट्रिल त्याहून डोकेदुखीचं. ते ॲक्रिलोनायट्रिलच्या कारखान्यांत जोडउत्पादन म्हणून निघतं. २००८-०९ मध्ये जगभर त्याचा तुटवडा झाला तेव्हा भल्याभल्यांना मिथेनॉलकडे वळावं लागलं. रंगद्रव्यांच्या बाबतीत ते फारसं बिघडलंही नाही. आपल्याकडच्या महाविद्यालयांना माझं सांगणं असं, की एचपीएलसी नसेल तर थांबू नका. साखरेची किंवा सिलिकाची उघडी नळी, चांगला ॲसिटोन आणि वर्णपटमापक एवढ्यावर हरितद्रव्य अ आणि ब, ल्यूटिन, कॅरोटीन ही मुख्य मंडळी समाधानकारक वेगळी होतात. जिथे यंत्र आहे तिथे ते चालतं ठेवायला द्रावकाचा आणि प्रमाणित द्रव्यांचा पैसा दरवर्षी बाजूला काढा. एकदाच मिळालेल्या अनुदानातून घेतलेलं यंत्र प्रमाणित द्रव्याशिवाय नुसते डोंगर काढतं.

नवीन रंग सापडायचे थांबलेले नाहीत. २०१० मध्ये मिन चेन आणि सहकाऱ्यांनी पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या शार्क बेच्या खडकाळ शेवाळथरांतून हरितद्रव्य फ काढलं, जे तांबड्याच्या पलीकडचा, ७०० नॅनोमीटरहून लांब लहरींचा प्रकाश घेतं. तेही कॉलमवरच्या एका अनपेक्षित पीकमधूनच.

तेव्हा या विषयावर प्रबंध लिहिणाऱ्यांना, तो तपासणाऱ्यांना आणि प्रयोगशाळेचा अहवाल हातात घेणाऱ्या शेतकरी-व्यापाऱ्यांना एक विनंती. नुसता आकडा स्वीकारू नका. पान किती वाजता तोडलं, किती वेळानं थंडीत गेलं, अर्क कशात काढला, आम्ल कशानं मारलं, प्रमाणित द्रव्य कुठलं वापरलं आणि मूळ आलेख कुठे आहे, हे विचारा. ही माहिती दिलेली नसेल, तर तो अहवाल परत पाठवा.